लाल औषध जाते कुठे?

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आपाचे, स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आणि नंतर नागपूरच्या एका दवाखान्यात तिची केमो सुरू झाली. पहिल्या दिवशी नर्सने एक औषध लावले. रंग अगदी रूहअफ़्ज़ासारखा लाल. नर्स म्हणाली, "लघवी लाल झाली तर घाबरू नका, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे." आपा बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "ये लाल पानी जाता किधर है रे?"

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध बी.एड.च्या काळात आला तेवढाच. मी सांगून टाकले, "सगळ्या अंगात जातं आणि बीमारीला मारतं." आपाचे समाधान झाले नाही. "सगळ्या अंगात जातं, तर मग हे डॉक्टर सारखा दिलचाच इको का काढायला लावतात?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. ते कुठे जाते हे शोधता शोधता मी एका अशा इतिहासापर्यंत पोहोचलो जो आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. शरीरात कुठे, हा प्रश्न मागे पडला. पेशीत कुठे, पेशीतल्या कोणत्या अंगकात, आणि शेवटी त्या एकेका अंगकात किती, इथपर्यंत माणसाची मोजणी गेली आहे. त्या मोजणीचा हा इतिहास आहे.

पेशी आणि ख़लिया

आधी शब्दांचे बघू, कारण वर्गात माझी सुरुवात तिथूनच होते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी पुस्तकातला 'पेशी' हा शब्द वाचून हसू येते. घरात 'पेशी' म्हणजे कोर्टाची तारीख. "सर, पेशी में क्या होता है?" असे एखाद्याने विचारले की मागून उत्तर येते, "वकील होता है." उर्दूत पेशीला ख़लिया म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आणि अरबीत त्याचा एक अर्थ मधमाश्यांचे पोळे असाही आहे. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यालाही पोळ्यातली घरेच आठवली होती.

या घराच्या आत काय काय असते ते आठवीच्या पुस्तकात आहे. केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र आणि लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, हे मुले पाठ करतात. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक अंगक एकेक, फार तर दोन-चार काढलेले असते. प्रत्यक्षात एका पेशीत शेकडो तंतुकणिका असू शकतात. त्या सगळ्या एकसारख्या असतात का? चित्रावरून मुलाला तसेच वाटते. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसे धरूनच चालावे लागले, कारण एकेकीला वेगळी पकडून मोजायचे साधनच नव्हते.

साखरेच्या पाण्यात फोडलेली पेशी

पेशी फोडून तिच्यातले सामान वेगळे करण्याची रीत बसवली ती मुख्यतः आल्बेर क्लोद यांनी. बेल्जियमच्या लाँग्लिए नावाच्या खेड्यातला हा माणूस. शाळा लवकर सुटली, पोलादाच्या कारखान्यात काम केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी जोखीम घेतली. युद्धात सेवा केलेल्यांना शालान्त प्रमाणपत्राशिवाय विद्यापीठात प्रवेश देण्याची सोय झाली, म्हणून लिएजला वैद्यकीचे शिक्षण घेता आले. १९२९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पोहोचले. तिथे त्यांना शोधायचे होते कॅन्सरचे कारण. पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवले होते की कोंबडीच्या गाठीतून पेशी गाळून काढल्या तरी उरलेल्या पाण्याने दुसऱ्या कोंबडीला गाठ होते. त्या पाण्यात काय आहे ते क्लोद यांना वेगळे करायचे होते.

त्यांनी पेशी फोडल्या आणि ते मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. जड ते लवकर तळाशी बसते, हलके ते उशिरा. वेग वाढवत गेले की एकेक थर वेगळा होतो. ताक घुसळणाऱ्या घरातल्या माणसाला ही कल्पना नवीन वाटणार नाही. गाठीच्या पेशींतून त्यांना बारीक कण मिळाले. पण खात्री करण्यासाठी निरोगी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी फिरवल्या, तर तसलेच कण त्यांतही होते. म्हणजे ते आजाराचे कण नव्हते, प्रत्येक पेशीचे स्वतःचे सामान होते. आजार शोधायला गेलेल्या माणसाच्या हाताला निरोगी पेशीची आतली रचना लागली.

अडचण होती ती अंगके धड ठेवण्याची. साध्या पाण्यात ती फुगतात आणि फुटतात. मिठाच्या पाण्यात तंतुकणिकांचे गोळे होत. १९४८ साली हॉजबूम, श्नायडर आणि पॅलाडी यांनी साखरेचे द्रावण वापरून तंतुकणिका धड बाहेर काढल्या. पुढे रूढ झालेले प्रमाण असे: एक लिटर द्रावणात साधारण ८५ ग्रॅम साखर. घरातल्या डब्यात असते तीच. आज लाखो रुपयांची यंत्रे वापरणाऱ्या प्रयोगशाळांतही अंगके याच साखरपाण्यात ठेवतात.

त्याच सुमारास बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दूव इन्सुलिन आणि यकृत यांचा अभ्यास करत होते. उंदराच्या यकृतातले एक विकर मोजताना त्यांना अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा मिळाला. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले. पाच दिवसांनी पुन्हा मोजले तर तेच विकर कितीतरी वाढलेले. दुसरा कोणी असता तर चूक झाली म्हणून नमुने फेकून दिले असते. द दूव यांनी विचार केला की विकर आधीही होते, पण एखाद्या पिशवीत बंद होते. पाच दिवसांत पिशव्या फुटल्या. त्या पिशव्यांना त्यांनी १९५५ मध्ये लायसोसोम असे नाव दिले. आपल्या पुस्तकातल्या लयकारिका त्या याच. १९७४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल क्लोद, द दूव आणि पॅलाडी या तिघांना मिळाले.

पण सेंट्रिफ्यूजला एक मर्यादा होती. तो वजन, आकार आणि घनता बघतो. लयकारिका आणि लहान तंतुकणिका यांची घनता जवळजवळ असल्यामुळे त्या एकाच थरात येऊन बसतात. आणि वेगळ्या झाल्या तरी हातात येतो तो थर, कोट्यवधी अंगकांचा एक गोळा. त्या गोळ्यात किती विकर, किती औषध हे कळते. त्यातल्या एकीत किती, हे कळत नाही.

मॉस्कोची माती, उप्सालाची नळी

वजनाऐवजी दुसऱ्या कशाने वेगळे करता येईल का? येते, विजेने. याची सुरुवात १८०७ साली मॉस्कोत झाली. व्होल्टाची बॅटरी निघून जेमतेम सात वर्षे झाली होती. फर्डिनांड रॉइस या प्राध्यापकाने ओल्या चिकणमातीत पाण्याने भरलेल्या काचनळ्या खोचल्या आणि वीज सोडली. मातीचे कण धन टोकाकडच्या पाण्यात चढू लागले. मातीच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते धन टोकाकडे ओढले जातात. विजेच्या ओढीने कण असे सरकतात, यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. ज्याच्यावर भार जास्त आणि ज्याला पाण्याचा अडथळा कमी, तो पुढे जातो.

ही गंमत कामाची झाली ती सव्वाशे वर्षांनी, स्वीडनच्या उप्सालात. आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत रक्तद्रव घालून वीज सोडली आणि त्यातली प्रथिने वेगवेगळ्या वेगाने सरकताना दाखवली. अल्ब्युमिन, मग अल्फा, बीटा आणि गॅमा ग्लोब्युलिन. रक्ताच्या रिपोर्टवर ही नावे आजही असतात. १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

विदर्भात या शोधाचा संबंध थेट आपल्या घराशी येतो. आमच्याकडे सिकलसेल हा शब्द शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. तपासणीचे पथक येते, बोटातून रक्त घेते, पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या तपासणीत इलेक्ट्रोफोरेसिस होते. याचे मूळ १९४९ सालच्या एका प्रयोगात आहे. लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी टिसेलियसच्या पद्धतीने सिकलसेलच्या रुग्णाचे आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन शेजारी ठेवून पाहिले. दोघांचा वेग वेगळा आला. वाहक असलेल्या माणसाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिळाले. एखादा आजार म्हणजे एका रेणूतला बदल असू शकतो, हे असे पहिल्यांदा दिसले. लग्नाआधी मुलामुलीच्या रक्ताची तपासणी करा, असा सल्ला आज आरोग्य खाते देते, त्याच्यामागे हा प्रयोग आहे.

प्रथिने सरकतात तर अख्खी अंगके का नाही? म्युनिकमध्ये कुर्ट हॅनिग यांनी त्यासाठी वेगळे यंत्र केले. दोन काचांच्या मधून द्रावणाचा पातळ पडदा वाहता ठेवायचा आणि आडवी वीज लावायची. वाहता वाहता प्रत्येक कण आपल्या भारानुसार बाजूला सरकतो आणि खाली ओळीने लावलेल्या नळ्यांपैकी कोणत्या तरी एकीत पडतो. १९७० साली हॅनिग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातल्या लयकारिका या पद्धतीने तंतुकणिकांपासून वेगळ्या केल्या. सेंट्रिफ्यूजला जे जड जात होते ते विजेने केले. पण नळीत पडत होता तो पुन्हा गोळाच. एकेक अंगक दिसायला हवे, तर ते चमकायला हवे.

कुनैनचा निळा उजेड

चमकण्याची गोष्ट एका औषधापासून सुरू होते. आमची दादी हिवतापाच्या गोळीला कुनैन म्हणायची, जुन्या मराठीत कोयनेल. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी नोंदवले की क्विनाईनचे पाण्यासारखे स्वच्छ द्रावण उन्हात ठेवले की पृष्ठभागावर निळी झाक दिसते. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचे कारण शोधले. लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्यांनी क्विनाईनची नळी त्यात सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना अंधारच दिसतो, तिथे नळी निळी उजळली. न दिसणारा प्रकाश क्विनाईन घेत होते आणि दिसणारा परत देत होते. फ्लोरस्पार या खनिजातही असे होते, म्हणून स्टोक्सनी याला फ्लोरोसन्स हे नाव दिले.

यातली कामाची गोष्ट अशी की घेतलेल्या आणि दिलेल्या प्रकाशाचा रंग वेगळा असतो. म्हणून घेतलेला रंग गाळून टाकता येतो आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीवर फक्त दिलेला प्रकाश बघता येतो. दिवसा आकाशात तारा शोधणे आणि रात्री शोधणे यात जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे.

आता आपाच्या औषधाकडे या. १९६० च्या दशकात इटलीतल्या फार्मितालिया कंपनीच्या शास्त्रज्ञांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून लाल रंगाचे द्रव्य मिळाले. त्याच सूक्ष्मजीवाच्या बदललेल्या वाणापासून पुढे डॉक्सोरुबिसिन निघाले आणि ॲड्रिॲटिक समुद्रावरून त्याचे ॲड्रियामायसिन हे नाव पडले. केंद्रकात शिरून ते डीएनएच्या जिन्यात पायऱ्यांच्या मधे घुसते आणि पेशीचे विभाजन थांबवते. हे औषध स्वतःच फ्लोरोसन्ट आहे. निळा लेसर पडला की ते नारिंगी-लाल चमकते. त्याच्यावर वेगळा रंग चढवावा लागत नाही. जिथे जाईल तिथे स्वतःचा पत्ता स्वतःच सांगते. आपाने विचारलेला प्रश्न प्रयोगशाळेत विचारता येतो तो याच गुणामुळे.

केसाहून बारीक नळी

नळीतून वीज गेली की द्रावण तापते, तापले की ढवळले जाते आणि वेगळे झालेले पुन्हा मिसळते. टिसेलियस यांचे शिष्य स्टेलन येर्टेन यांनी १९६७ मध्ये नळी स्वतःभोवती फिरती ठेवून ही अडचण कमी केली. पण खरा मार्ग अगदी साधा निघाला, तो म्हणजे नळीच बारीक करणे. बारीक नळीतून उष्णता लगेच बाहेर पडते. १९८१ साली अमेरिकेत जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनी ७५ मायक्रॉन आतल्या व्यासाची काचेची केशनलिका घेतली, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी. तिला ३० हजार व्होल्टपर्यंत दाब दिला आणि बाहेर पडणारे रेणू फ्लोरोसन्सने ओळखले.

त्यानंतर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात नॉर्मन डोविची आणि जपानमध्ये हिताची कंपनीत हिदेकी कांबारा यांनी स्वतंत्रपणे एक सुधारणा केली. लेसर नळीच्या काचेवर मारला तर काचच प्रकाश उधळते. म्हणून नळीच्या तोंडाबाहेर स्वच्छ द्रावणाचा प्रवाह ठेवायचा आणि नळीतून पडणाऱ्या धारेवर तिथे लेसर मारायचा. मानवी जीनोम वाचणाऱ्या यंत्रांमध्ये हेच तत्त्व वापरले गेले.

डोविची यांच्याकडे काम केलेले एडगर अरियागा पुढे मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि त्यांनी या नळीत रेणूंऐवजी अख्खी अंगके सोडली. २००२ साली त्यांच्या गटाने एकेका तंतुकणिकेची मोजणी प्रसिद्ध केली. पेशी हळुवारपणे फोडायच्या. तंतुकणिकांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक मेद असतो, त्याला चिकटणारा फ्लोरोसन्ट रंग द्यायचा. मग क्लोद यांच्या काळापासून चालत आलेल्या साखरेच्या द्रावणात त्या नळीत सोडायच्या. नळीच्या आतल्या भिंतीला लेप दिलेला, नाहीतर अंगके चिकटून बसतात. वीज लावली की त्या निघतात. नळीच्या तोंडाशी एकेक तंतुकणिका लेसरसमोर येते, क्षणभर चमकते आणि पडद्यावर एक टोकदार रेघ उठते.

त्या एका रेघेत दोन गोष्टी असतात. ती किती वेळाने आली यावरून त्या तंतुकणिकेचा सरकण्याचा वेग, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचा भार आणि तिचा आकार यांचा हिशोब. रेघ किती उंच यावरून तिच्यात रंग किती, म्हणजे कार्डिओलिपिन किती. हजारोंच्या गोळ्याऐवजी एकेकीची हजेरी.

त्यात असे दिसले की एकाच प्रकारच्या पेशींतून, एकाच दिवशी, एकाच भांड्यातून काढलेल्या तंतुकणिका एकसारख्या नव्हत्या. वेगाचा पसारा मोठा होता, रंगाचाही. २००४ मध्ये याच गटाने पेशींना डॉक्सोरुबिसिन देऊन अंगके नळीतून पाठवली आणि एकेका अंगकात किती औषध साठले ते मोजले. या यंत्रांत मोजमाप झेप्टोमोलमध्ये होते. एक झेप्टोमोल म्हणजे सुमारे ६०० रेणू. २००६ मध्ये त्यांनी आम्लधर्मी अंगकांचा, ज्यांत लयकारिका येतात, एकेकीचा पीएच मोजला. तोही सगळ्यांचा सारखा नव्हता.

सरासरीच्या पोटात

एवढा खटाटोप कशाला, गोळ्याची सरासरी काय वाईट, असे मला आधी वाटले होते. उत्तर माझ्याच वर्गात होते. एका वर्षी मराठीच्या चाचणीत वर्गाची सरासरी ५२ आली. मी तक्त्यावर ५२ लिहिले, मुख्याध्यापकांनी सही केली. नंतर उत्तरपत्रिका पुन्हा चाळताना लक्षात आले की ५२ च्या जवळपास गुण असलेले एकही मूल वर्गात नाही. ज्यांच्या मोहल्ल्यात मराठी बोलली जाते ती मुले ७० च्या वर, बाकीची ३० च्या आसपास. मी वर्षभर ५२ गुणांच्या मुलासाठी शिकवत होतो, आणि तसे मूल वर्गात नव्हतेच. वरची मुले कंटाळली, खालची बुडाली.

पेशीत हीच चूक औषधाच्या बाबतीत होऊ शकते. डॉक्सोरुबिसिन सौम्य अल्कली आहे. लयकारिकेच्या आतला पीएच ५ च्या आसपास, बाहेर पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. म्हणजे आत शंभरपटीहून जास्त आम्लता. औषधाचा रेणू पडद्यातून आत गेला की तिथल्या आम्लामुळे त्याच्यावर भार येतो आणि भार आलेल्या रेणूला पडद्यातून परत येणे जड जाते. तो तिथेच अडकतो. अशा द्रव्यांविषयी खुद्द द दूव आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सविस्तर लिहिले होते. औषधाला न जुमानणाऱ्या काही कॅन्सर पेशींत हेच घडते. औषध पेशीत शिरलेले असते, पण केंद्रकापर्यंत न पोहोचता पिशव्यांमध्ये कोंडले जाते. अख्खी पेशी मोजली तर औषध भरपूर दिसेल आणि ते काम का करत नाही हे कळणार नाही.

आणि दिल? हृदयाचा स्नायू झोपेतही थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशी तंतुकणिकांनी भरलेल्या असतात. डॉक्सोरुबिसिनला कार्डिओलिपिनचे आकर्षण आहे आणि हा मेद तंतुकणिकांमध्येच असतो. हृदयाला इजा होण्याची कारणे एकाहून जास्त आहेत, पण तंतुकणिकांवर होणारा परिणाम हे त्यातले मोठे कारण मानले जाते. म्हणून डॉक्टर आयुष्यभरात दिलेल्या एकूण डोसचा हिशोब ठेवतात, म्हणून इको काढतात. आपाने खाटेवरून विचारलेला प्रश्न बरोबर होता. चुकले होते ते माझे उत्तर.

एकेक म्हणजे नेमके काय

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा इतिहास जाहिरातीसारखा होईल. पहिली गोष्ट, दोन तंतुकणिका एकदम लेसरसमोर आल्या तर यंत्र त्यांना एकच समजते. म्हणून द्रावण इतके पातळ ठेवावे लागते की त्या एकमेकींपासून अंतर राखून येतील, आणि तरीही थोडी चूक गृहीत धरावी लागते. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. जिवंत पेशीत तंतुकणिका पुस्तकातल्या चित्रासारख्या सुट्या शेंगा नसतात. त्या जोडल्या जातात, तुटतात, लांबच लांब जाळे करतात. पेशी फोडली की जाळ्याचे तुकडे होतात. म्हणजे आपण जिला 'एक तंतुकणिका' म्हणून मोजतो, ती काही वेळा आपल्याच हातांनी तोडलेला तुकडा असते. घरातून बाहेर काढून, आपल्या माणसांपासून तोडून एखाद्याला मोजले, तर तो घरात कसा वागत होता हे सगळे त्या मोजणीत येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ ही मोजणी एकटी वापरत नाहीत. जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणे आणि अंगके बाहेर काढून मोजणे, दोन्ही सोबत ठेवतात.

आणि ही संशोधनाची पद्धत आहे. दवाखान्यात रुग्णाचा रिपोर्ट या नळीतून निघत नाही. आपाचा डोस ठरला तो उंची-वजन, इको आणि रक्ताच्या तपासण्या यांवरच.

पण हा सगळा प्रवास ओळीने ठेवून बघितला तर एक गोष्ट दिसते. कॅन्सरचे कारण शोधणाऱ्या क्लोद यांना निरोगी पेशीतले कण सापडले. इन्सुलिन शोधणाऱ्या द दूव यांना फ्रिजमध्ये विसाव्याला ठेवलेल्या नमुन्यात लयकारिका सापडली. हिवतापाच्या औषधात स्टोक्सना प्रकाश सापडला. यातल्या एकालाही आपल्या कामातून पुढे काय निघणार हे ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच केले की जुळत नसलेला आकडा फेकून दिला नाही. आठवीच्या वर्गात आता मी हे मुलांना सांगतो. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर खोडरबर उचलण्याआधी पुन्हा एकदा मोजा.

आपाचे उपचार संपले. आता ती ठरलेल्या तारखांना तपासणीला जाते, तिच्या भाषेत "पेशी" असते. गेल्या खेपेला बसमध्ये मी तिला हे सगळे सांगायचा प्रयत्न केला. साखरेचे पाणी, केसाएवढी नळी, एकेक कण चमकत बाहेर पडणारा. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मतलब हर एक में अलग अलग जाता है." मी म्हणालो, "हो आपा, प्रत्येकात वेगळे."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो उस दिन सीधा बोलना था ना, के तुझे मालूम नहीं."